खुर्द्याची गणती

गेले काही आठवडे इंदूरच्या मराठी घरांत एका नाटकावरून वाद चालू आहे. रामबागेत, लोकमान्यनगरात, सुदामानगरात, जिथे चार मराठी माणसं चहाला जमतात तिथे हाच विषय. नाटक दोन अंकी, युद्धावरचं, आणि तिसऱ्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत एकाच खोलीत घडणारं. लांब टेबल, भिंतीवर नकाशा, चार मंत्री, दोन सेनाधिकारी आणि कोपऱ्यात इतिवृत्त लिहिणारा एक कारकून. शेजारच्या देशावर चाल करायची की नाही, केली तर कधी, आणि लोकांना काय सांगायचं, यावर दोन तास बोलणं चालतं. बंदुकीचा एक बारही ऐकू येत नाही. मध्यंतरात वड्यांच्या रांगेतच दोन तट पडले. एक म्हणत होता, "युद्धाचं नाटक म्हणून आणलं आणि मीटिंग दाखवली. नुसती बडबड!" दुसरा म्हणत होता, "मारामारी बघायची असेल त्यांनी सिनेमाला जावं. असली नाटकं पुण्याला हाउसफुल्ल जातात, आपला प्रेक्षकच अजून तयार नाही." तेव्हापासून वाद याच दोन वाक्यांभोवती फिरतो आहे. मला तो ऐकवत नाही, कारण दोन्ही बाजू एकच गोष्ट मोजताहेत: बोलणं किती होतं. एकाला ते फार झालं म्हणून नाटक वाईट, दुसऱ्याला ते फार आहे म्हणूनच नाटक थोर. नाटकाचं नाव मुद्दामच देत नाही. प्रश्न त्या एका नाटकापुरता नाही.

माझं मत आधीच सांगतो. युद्ध रणांगणावर पोचण्याआधी बोलण्यात घडलेलं असतं. म्हणून युद्धावरचं नाटक संवादांनी भरलेलं असणं हा दोष नाही, आणि तेवढ्यानं ते मोठंही होत नाही. अशा नाटकाला विचारायचं ते हे, की खोलीत उच्चारलेल्या वाक्याची किंमत खोलीबाहेर कोण भरतो, ते आम्हाला कळलं का? या कसोटीवर ते नाटक एका जागी कमी पडलं असं मी मानतो. ते फार बोललं म्हणून नव्हे. एका माणसाला त्यानं बोलूच दिलं नाही म्हणून.

'बडबड म्हणजे युद्ध नव्हे' असं म्हणणाऱ्या इंदूरकराला मी पानिपताची आठवण करून देईन. आपल्या घरांत पानिपतावर वाद होतो तेव्हा आपण नेमकं कशावर भांडतो? कुणाची तलवार कुठे चालली यावर? गारद्यांच्या तोफा किती वेळा उडाल्या यावर? नाही. आपण भांडतो ते 1760 च्या उन्हाळ्यातल्या मसलतीवर. जड सरंजाम, बुणगे, बायकामुलं मागे सुरक्षित किल्ल्यांत ठेवावीत आणि आपल्या जुन्या गनिमी पद्धतीनं लढावं, हा मल्हारराव होळकरांचा आणि सूरजमल जाटाचा सल्ला सदाशिवरावभाऊंनी मानायला हवा होता की नव्हता? भाऊंनी तो झिडकारताना म्हाताऱ्या सुभेदारांचा मान ठेवला की नाही? आणि मग 14 जानेवारी 1761 ला मल्हारराव रणातून निघाले त्याचा अर्थ काय लावायचा? होळकरांच्या या गावात मल्हाररावांची बाजू घेणारी माणसं आजही अशा तावातावानं बोलतात, की जणू मसलत काल रात्रीच मोडली. अडीचशेहून अधिक वर्षं आपण एका बैठकीवर वाद घालतो आहोत. त्या दिवशीचं रक्त वाळून गेलं, पण त्या मसलतीतले शब्द अजून ओले आहेत. असं असताना युद्धाचं नाटक बैठकीच्या खोलीत घडलं तर युद्ध दिसलंच नाही, हे आपण कोणत्या तोंडानं म्हणायचं?

संवादांची ही रीत कुठून बाहेरून आणलेली आहे, असाही एक सूर ऐकला. नाट्यशास्त्राचा नियम काय सांगतो? युद्ध, राज्याचा नाश, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून कळवाव्यात. भासाच्या ऊरुभंगात भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध आपल्याला कोण दाखवतं? तीन सैनिक येतात आणि बोलतात. आपण पाहतो ते त्यांच्या शब्दांतून. धृतराष्ट्रानं तर अख्खं कुरुक्षेत्र संजयाच्या तोंडून ऐकलं. आणि हे पंडितांपुरतंही नाही. पोवाड्यात एक शाहीर, एक डफ, एक तुणतुणं आणि मागे झीलकरी, एवढ्यावर गड चढले जातात. माझी आजी रामबागेत कीर्तनाला जायची. बुवा उभे, गळ्यात हार, हातात चिपळ्या, समोर सतरंजीवर बायाबापड्या. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला की त्या बायका पदराला डोळे पुसायच्या. त्यांतल्या कितीजणी शाळेत गेल्या होत्या? एका माणसाच्या बोलण्यावर दोन तास खिळून बसणारी माणसं याच गावात होती. म्हणून 'आपला प्रेक्षक तयार नाही' हे वाक्य मला पहिल्या वाक्यापेक्षाही जास्त लागतं. प्रेक्षक कंटाळला की त्याच्या बुद्धीवर बोट ठेवायचं, ही कलावंतांची नव्हे, त्यांच्या कैवाऱ्यांची खोड आहे, आणि ती इंदुरात मी लहानपणापासून पाहतो आहे. पुण्याचं नाव घेतलं की इथल्या माणसानं गप्प बसायचं. का म्हणून?

आता विरुद्ध बाजूचं जे खरंच वजनदार आहे ते मान्य केलं पाहिजे. आमच्या गल्लीत महूच्या इन्फन्ट्री स्कूलमधून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब राहतात. 1999 च्या उन्हाळ्यात ते द्रासच्या बाजूला होते. नाटकाला आम्ही बरोबरच गेलो होतो. परतताना मी विचारलं, "साहेब, कसं वाटलं?" बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या टेबलावर बसलेल्यांपैकी एकालाही चढण म्हणजे काय ते माहीत नाही. आणि भाऊ, लिहिणाऱ्यालाही नाही." नाटकावर आलेल्या सगळ्या आक्षेपांत मला हा सर्वांत खरा वाटतो. पाय घसरल्याखेरीज कळत नाही असं काही ज्ञान असतं. थंडीनं बोटं वळत नाहीत, पाठीवरचं ओझं जागेवर राहत नाही, आणि वरच्या दगडी आडोशातून कुणी पाहतं आहे हे कळत असतं, पण तो कुठे आहे ते कळत नाही. हे शब्दांत येतं? थोडंसं येतं. उरलेलं निसटतं. शब्दांचा आणखी एक धोका आहे. ते धुतलेले असतात. 'नुकसान', 'मर्यादित कारवाई', 'अपेक्षित हानी' असे शब्द दोन तास ऐकले की माणूस मरतो हेच विसरायला होतं. आणि सर्वांत मोठा धोका, खोलीतली नाटकं नकळत खोलीतल्या माणसाचीच शोकांतिका होऊन बसतात. निर्णय घेणाऱ्याला झोप लागत नाही, तो खिडकीशी उभा राहतो, त्याचा चेहरा प्रकाशात येतो, आणि आपलं मन त्याच्यासाठी कळवळतं. ज्यांच्यावर निर्णय कोसळला ते अंधारातच राहतात.

हे सगळं मला मान्य आहे. पण यावर उपाय म्हणून खोली टाळायची आणि रणांगण दाखवायचं, हे मला पटत नाही. कारगिलचंच घ्या. आपल्या देशाचं, टीव्हीच्या पडद्यावर दिसलेलं ते पहिलं युद्ध. बोफोर्स तोफा धडाडताना आपण जेवणाच्या ताटावर बसून पाहिल्या आणि युद्ध पाहिलं असं समजलो. पण त्या युद्धाला आकार देणारं वाक्य कोणतं होतं? मे 1999 च्या अखेरीस दिल्लीच्या एका बैठकीत विमानदल वापरायला परवानगी मिळाली, आणि तिच्यासोबत एक अट आली: नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. 26 मेपासून विमानं त्या अटीत उडाली. पायदळालाही तीच अट. म्हणजे शिखरावर बसलेल्या शत्रूची रसद मागून तोडायची वाट बंद, उरली समोरची उभी चढण. त्या अटीमुळे जगाचं मत आपल्या बाजूला राहिलं आणि युद्ध पसरलं नाही, असं म्हणणारे जाणते लोक आहेत. त्याच अटीची किंमत चढणाऱ्या पोरांनी दिली, असं म्हणणारेही आहेत. त्या युद्धात आपले 527 जवान गेले. या दोन म्हणण्यांमधला ताण तुम्ही तोफेच्या आवाजातून कसा दाखवाल? तो दाखवायचा तर त्या बैठकीतच जायला हवं. सुभेदारसाहेबांच्या चढणीचा उतार त्या टेबलावर ठरला होता. चढण दाखवली आणि टेबल लपवलं, तर प्रेक्षकाच्या हाती शौर्य लागेल, कारण लागणार नाही.

आणखी एक उदाहरण द्यायलाच हवं, कारण शब्दाचं वजन इतकं उघड क्वचितच दिसतं. 1945 मध्ये अणुबाँब कुठे टाकायचा याच्या यादीत क्योतो शहर होतं. अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी ते नाव काढायला लावलं. त्या जुन्या राजधानीला ते पूर्वी भेट देऊन आले होते, तिचं सांस्कृतिक मोल जाणत होते, आणि ती जाळली तर जपानी लोक कधी क्षमा करणार नाहीत असंही त्यांना वाटत होतं. जुलैच्या अखेरीस यादीत नागासाकीचं नाव आलं. 9 ऑगस्टला विमान निघालं ते खरं कोकुरा शहरावर. तिथे खालचं काही दिसेना म्हणून ते नागासाकीकडे वळलं. वर्षअखेरपर्यंत तिथे सुमारे 70 हजार माणसं मेली. एका खोलीत एका शहरासाठी कुणीतरी बोललं, दुसऱ्यासाठी बोलणारं कुणी नव्हतं. यात संवादाखेरीज दुसरं काय आहे? आणि याहून भीषण युद्धदृश्य कुणी मला दाखवावं.

कंटाळ्याबद्दलही प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. दिवसभर दुकान, बँक, क्लास करून आलेला माणूस तिकीट काढून बसतो. त्याला धरून ठेवणं हे नाटकाचं काम आहे, आणि त्या नाटकाचा पहिला अंक पंचवीसेक मिनिटं तरी हातातून सुटला होता, हे मीही अनुभवलं. पण तो का सुटला? बोलणं होतं म्हणून नाही. सगळे एकाच आवाजात बोलत होते म्हणून. संरक्षणमंत्री सुभाषितं बोलतात, सेनापती सुभाषितं बोलतो, कारकुनानं तोंड उघडलं असतं तर तोही सुभाषितच बोलला असता. खऱ्या खोल्यांत असं बोलत नाहीत. ऑक्टोबर 1962 मध्ये क्यूबावरून जग अणुयुद्धाच्या तोंडाशी आलं, तेव्हाच्या बैठका अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी बहुतेकांच्या नकळत ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्यांची टिपणं पुढे छापून आली. त्यांत माणसं एकमेकांना तोडतात, झालेलं पुन्हा विचारतात, वाक्य अर्धवट टाकतात, दमतात, भलत्याच तपशिलात शिरतात. जगाचं मरण टेबलावर आणि बोलणं असं लडखडतं! भीती तिथे आहे. घासून लखलखीत केलेल्या वाक्यांनी ती पळून जाते. तेव्हा ज्यांना पहिला अंक रटाळ वाटला त्यांचा अनुभव खरा आहे, पण कारणाचं निदान चुकलं आहे. आणि ज्यांनी टाळ्या दिल्या त्यांनी काही वाक्यांना टाळ्या दिल्या. प्रत्येक टाळीबरोबर खोलीतला धोका थोडा ओसरत होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

आणखी एक आक्षेप दबक्या आवाजात होतो, पण होतो. शत्रूच्या वकिलाला एवढा वेळ कशाला दिला? दुसऱ्या अंकात समोरच्या देशाचा राजदूत येतो आणि दहा मिनिटं आपली बाजू मांडतो, ते काहींना झोंबलं. ज्यांच्या घरातलं कुणी सीमेवर आहे त्यांना झोंबलं असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. पण शत्रूला मुका ठेवल्यानं युद्ध समजतं का? सलामिसच्या समुद्रात ग्रीकांनी इराणी आरमार बुडवलं ते इसवी सनापूर्वी 480 मध्ये. अवघ्या आठ वर्षांनी अथेन्सच्या रंगभूमीवर ते युद्ध आलं, आणि कुठून आलं? इराणच्या राजवाड्यातून. एक दूत येतो आणि राजमातेला पराभवाची बातमी सांगतो, पडलेल्या सरदारांची नावं घेतो. समोर बसलेले प्रेक्षक जिंकलेले होते, त्यांतले कित्येक त्या लढाईत वल्ही मारून आलेले असणार. लिहिणारा एस्किलस स्वतः मॅरेथॉनला इराण्यांशी लढलेला होता. त्याला कुणी देशभक्ती शिकवायची? आणि आपल्याकडे भासानं दुर्योधनाला काय दिलं ते आठवा. मांडी फुटून पडलेला दुर्योधन, आणि त्याचा लहानगा मुलगा दुर्जय नेहमीसारखा मांडीवर बसायला येतो. बाप त्याला बसू देऊ शकत नाही. महाभारत पाठ असलेल्या माणसाचाही तिथे घसा दाटतो. पांडवांचा पक्ष त्यानं लहान होत नाही. युद्धाचा हिशेब मात्र पुरा होतो.

हिशेबावरूनच मी मूळ मुद्द्याकडे येतो. पानिपताची बातमी घेऊन नानासाहेब पेशव्यांकडे जे पत्र गेलं म्हणतात ते सराफी भाषेत होतं. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही, असा त्याचा आशय. पाठभेद पुष्कळ आहेत, पण मोती आणि खुर्दा सगळीकडे आहेत. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे बाकी सगळे. शाळेत हे पत्र आम्हाला चातुर्याचा नमुना म्हणून शिकवलं होतं. आज ते वाचताना माझी नजर शेवटच्या शब्दावर अडते. मोती दोन, हे मोजून सांगितलं. चिल्लर मोजली नाही. पत्र लिहिणारा निर्दय नव्हता. कदाचित लिहिताना त्याचा हात कापत असेल. पण युद्धाची भाषा अशीच चालते. वरचे मोजले जातात, खालचे 'गणती नाही' या एका वाक्यात मिटतात. खोलीतल्या नाटकानं हेच पकडायला हवं, आणि ते फक्त संवादच पकडू शकतो, कारण हा गुन्हा भाषेतच घडतो.

आमच्या नाटकात तो क्षण आला होता. दुसऱ्या अंकाच्या शेवटी कारकून एक फाईल आणून ठेवतो. पहिल्या चकमकीचा अहवाल. मंत्री न उघडताच विचारतात, "किती?" सेनाधिकारी म्हणतो, "किरकोळ, सर." आणि चर्चा निवेदनातल्या पुढच्या शब्दावर जाते. किरकोळ! दोन तासांच्या त्या नाटकात याहून धारदार शब्द दुसरा नव्हता. तो कुणाच्याही टाळीचा नव्हता, त्यामुळे बहुधा ऐकलाही गेला नाही. माझ्या पुढच्या रांगेत तेव्हा दोन मोबाइल उजळले होते. आता कारकून बोलेल असं मला वाटलं. दोन तास तो सगळं टिपत बसला होता, त्याच्या लिहिण्याचा आवाज तेवढा येत होता. फाईल त्याच्याच हातून आली होती, म्हणजे ती वाचलेला खोलीतला एकटाच माणूस तो. पण नाटककारानं त्याला परत कोपऱ्यात बसवलं, आणि पडदा पडला तो खिडकीशी उभ्या राहिलेल्या मंत्र्याच्या चेहऱ्यावर. माझी तक्रार एवढी एकच आहे, पण ती मोठी आहे. ज्याला बोलायचं होतं तो सोडून सगळे बोलले.

पुढच्या रविवारी आमच्याकडे या नाटकावर पुन्हा बैठक आहे. त्या वेळी बोलणं किती होतं हे कृपा करून कुणी मोजू नये. कुठलं वाक्य खोटं वाटलं, कुठलं खरं, आणि कुणाचं वाक्य आलंच नाही, एवढं बोलावं. सुभेदारसाहेबांनाही मी बोलावलं आहे. आधी ते नको म्हणाले, आपल्याला नाटकातलं काय कळतं म्हणाले. काल संध्याकाळी फाटकाशी भेटले तेव्हा मात्र त्यांनी स्वतःहून विषय काढला. "ती फाईल," ते म्हणाले, "तिच्यात नुसता आकडा होता, की नावं होती?" मी म्हटलं, नाटकात ती उघडलीच नाही. "हो ना," ते म्हणाले. "मी शेवटपर्यंत तिच्याकडेच बघत होतो."